पुण्यात बसून कार्बन क्रेडिटचा धंदा : उतरण्याआधी हे वाचा

गेल्या काही वर्षांत पुण्यात कार्बन क्रेडिटबद्दल, म्हणजे हवेत जाणारा एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याच्या किंवा शोषल्याच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल, विचारणारी माणसं एकदम वाढली आहेत. कुणाचा भोसरीत बोल्टचा कारखाना असतो आणि जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने उत्सर्जनाचा तक्ता मागितलेला असतो. कुणाची जुन्नरला आंब्याची बाग असते. कुणी आयटीतली नोकरी सोडून 'ग्रीन' काहीतरी करायचं ठरवलेलं असतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच : यात पैसे आहेत का, आणि सुरुवात कुठून करायची?

मी या कामात प्रकल्पाचे कागद लिहिण्यापासून ते तपासायला येणाऱ्या ऑडिटरला घेऊन वाड्यावस्त्या पालथ्या घालण्यापर्यंत सगळं केलंय. त्यावरून सांगतो, पैसे आहेत, पण लोक जिथे शोधतात तिथे नाहीत. क्रेडिट स्वस्तात घ्यायची आणि भाव चढला की विकायची, असा शेअरबाजारी हिशोब डोक्यात असेल तर थांबा. आपल्याकडे काम आहे ते मोजणीचं, कागदपत्रांचं आणि विखुरलेले लहान प्रकल्प एकत्र बांधण्याचं. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलं आहे.

१. तीन गोष्टींच्या तीन वेगळ्या फायली करा

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो.

पहिली फाइल देशातल्या सक्तीच्या बाजाराची. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि २८ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम अधिसूचित केली. कारभार ऊर्जा दक्षता ब्यूरोकडे, म्हणजे बीईईकडे. रजिस्ट्री, म्हणजे प्रमाणपत्रांची नोंदवही, ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे, आणि खरेदी-विक्रीवर देखरेख केंद्रीय वीज नियामक आयोगाची. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या पहिल्या चार उद्योगांतल्या कारखान्यांना लक्ष्यं ठरवून दिली गेली. दर टन उत्पादनामागे किती उत्सर्जन चालेल, असं हे लक्ष्य असतं. त्यापेक्षा चांगली कामगिरी केली तर प्रमाणपत्रं मिळतात. कमी पडलात तर ती विकत घ्यावी लागतात. तीही घेतली नाहीत तर सरासरी भावाच्या दुप्पट पर्यावरण भरपाई भरायची. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड किंवा तितकाच परिणाम करणारा दुसरा वायू.

याच योजनेत डिसेंबर २०२३ च्या दुरुस्तीने एक बाजूचं दार उघडलं. ज्यांच्यावर सक्ती नाही तेही आपला प्रकल्प नोंदवून प्रमाणपत्रं मिळवू शकतात. त्यासाठी बीईईने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतींपैकी एखादीत तुमचा प्रकल्प बसावा लागतो.

दुसरी फाइल स्वेच्छेच्या बाजाराची. व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या परदेशी संस्थांकडे प्रकल्प नोंदवायचा, क्रेडिट मिळवायची आणि स्वतःहून ती घेणाऱ्या कंपन्यांना विकायची. सरकारी सक्ती नसल्यामुळे इथे भाव सगळा विश्वासावर चालतो. विश्वास उडाला की भावही गेला.

तिसरी फाइल युरोपच्या सीमाशुल्काची, सगळे ज्याला सीबॅम म्हणतात त्याची. हा क्रेडिटचा बाजारच नव्हे. युरोपात जाणाऱ्या लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरे मालात किती उत्सर्जन दडलंय त्यावर तिथल्या आयातदाराला पैसे भरावे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसता अहवाल द्यायचा होता, १ जानेवारी २०२६ पासून खरा अंमल सुरू झाला. नट-बोल्टही त्यात येतात. भोसरी-चाकणच्या कारखानदाराचा बहुतेक वेळा संबंध येतो तो याच फाइलशी, आणि नेमका तोच 'कार्बन क्रेडिट कुठे मिळेल' असं विचारत फिरतो. स्वेच्छेच्या बाजारातली क्रेडिट कितीही घेतली तरी सीबॅमचा एक युरोही कमी होत नाही. ती विकणारा दलाल हे सांगेलच असं नाही.

२. आपण नक्की कुठल्या खुर्चीत बसणार?

या धंद्यात चार जागा आहेत.

प्रकल्प उभारणारा डेव्हलपर : बायोगॅस, लागवड, कचऱ्यातला मिथेन, जे असेल ते स्वतःच्या पैशाने करतो आणि क्रेडिटची वाट बघतो. भांडवल लागतं, आणि पहिला पैसा दिसायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

अॅग्रिगेटर : शेकडो शेतकरी किंवा घरं एका प्रकल्पाखाली आणतो. याला भांडवल कमी लागतं, पण माणसं आणि गावात पत लागते. शेतकरी उत्पादक कंपनी आधीच चालवत असाल तर निम्मं काम झालेलं असतं.

मोजणी आणि कागदपत्रं करणारा सल्लागार : पुण्यात सगळ्यात जास्त मागणी याला आहे, असं माझं मत. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे आकडे मागतात. पिंपरी-चिंचवडमधल्या सुट्या भागांच्या पुरवठादाराकडे हे आकडे काढणारा माणूस नसतो. बीईईची एनर्जी ऑडिटरची परीक्षा दिलेली असेल, आयएसओ १४०६४ (उत्सर्जन मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) समजत असेल आणि भट्टीजवळ उभं राहायची तयारी असेल, तर महिन्याचा खर्च निघण्याइतकं काम याच शहरात आहे.

दलाल : परदेशी खरेदीदारांच्या ओळखी असतील तरच. नव्या माणसाने इथून सुरुवात करू नये, एवढंच सांगतो.

आणि हो, बाणेर-बालेवाडीच्या हॉटेलात चहा-बिस्किटांसह 'कार्बन ट्रेडिंग मास्टरक्लास' घेणारी मंडळी आहेत. अॅपवर कार्बनचं नाणं घ्या, साखळीत दोन माणसं जोडा, असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन घरी या. देशातल्या योजनेतली प्रमाणपत्रं वीज बाजारांच्या मंचावर, नोंदणी केलेल्यांमध्ये फिरणार आहेत. कुणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्हे.

३. कन्सल्टंटला फोन करण्याआधी कागदावर आकडेमोड करा

अर्ध्या तासाची आकडेमोड निम्मे बेत तिथेच निकालात काढते.

घरच्या गच्चीवरचं सोलर घ्या. पुण्याच्या उन्हात १० किलोवॅटची यंत्रणा वर्षाला १४ हजार युनिटच्या आसपास वीज देते. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करतं, तो मोफत उतरवून घेता येतो. म्हणजे वर्षाला १० टन. टनाला दोनशे रुपये मिळाले तरी दोन हजार रुपये झाले. आणि ऑडिटरचं कोटेशन येतं लाखांत. शिवाय व्हेराने २०२० पासून आपल्यासारख्या देशांतले ग्रिडला जोडलेले नवे अपारंपरिक ऊर्जेचे प्रकल्प घेणंच बंद केलंय. तुमच्या सोसायटीला 'छतावरच्या सोलरमधून कार्बनचे लाखो मिळवून देतो' असं सांगणारा आला, तर त्याला हीच आकडेमोड करायला सांगा.

आता झाडं. वाढलेलं एक झाड वर्षाला २० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, असा ढोबळ ठोकताळा आहे. जात, माती, वय बदललं की तो बदलतो. बांधावर एकरी ४० झाडं लावली तर ८०० किलो, म्हणजे पाऊण टनाच्या थोडं वर. टनाला हजार रुपये मिळाले आणि खर्च, ऑडिट, डेव्हलपरचा वाटा वजा जाता निम्मे शेतकऱ्याच्या हाती आले, तर एकरी वर्षाला ४०० रुपये. तेही झाडं मोठी झाल्यावर. 'एकरी लाखभर मिळतील' अशी पत्रकं मी जुन्नर-पुरंदरमध्ये बघितली आहेत. ती छापणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो, किंवा केलेला असतो आणि लपवलेला असतो.

मिथेनचा हिशोब वेगळा पडतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने एक टन मिथेन म्हणजे साधारण २८ टन कार्बन डायऑक्साइड. म्हणून शेण, कोंबडीखत, साखर कारखान्याची प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी), डिस्टिलरीचं सांडपाणी, कचरा डेपो, जिथे काही तरी हवेशिवाय कुजतंय तिथे आधी बघा. पुणे जिल्ह्यात यातलं सगळंच आहे. भाताच्या खाचरातूनही मिथेन निघतो, आणि पाणी आलटून-पालटून काढण्याची पद्धत जगभर क्रेडिट मिळवते. पण मावळ-मुळशीतलं खरिपाचं इंद्रायणीचं खाचर पावसावर भरतं. जुलैच्या झडीत पाणी कुठे काढणार? जिथे कालव्याचं किंवा पंपाचं पाणी आपल्या हातात आहे तिथेच हा प्रकल्प होतो.

भावाचा अंदाजही आधीच घ्या. पवन-सौर प्रकल्पांची जुनी क्रेडिट एका-दोन डॉलरलाही पडून असतात, तर बायोचारची (काडीकचरा कमी हवेत जाळून केलेल्या, मातीत मिसळायच्या कोळशाची) शंभर डॉलरच्या पुढे जातात. 'आजचा कार्बनचा भाव' असा एकच भाव नसतो. आणि भाव पडतात, हे सातारच्या पवनचक्क्यांच्या जमान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. क्योटो करारातली क्रेडिट २००८ मध्ये २० युरोच्या वर गेली होती, २०१२ च्या अखेरीस ती एका युरोच्याही खाली आली. त्या काळात या शहरातल्या किती कन्सल्टंटांनी पाट्या उतरवल्या, ते जुन्या लोकांना आठवतं.

४. दोन प्रश्न, ज्यांवर प्रकल्प जगतो किंवा मरतो

पहिला : क्रेडिटचे पैसे नसते तर हे काम झालं असतं का? झालं असतं, तर क्रेडिट मिळत नाही. याला सगळे अॅडिशनॅलिटी म्हणतात. कायद्याने सक्तीचं असलेलं काम, किंवा नुसत्या विजेच्या बचतीतून दोन वर्षांत पैसे वसूल होणारं यंत्र, यात अॅडिशनॅलिटी दाखवणं जड जातं. संचालक मंडळाच्या ठरावात, बँकेच्या कर्जाच्या अर्जात 'कार्बन उत्पन्न धरून प्रकल्प परवडतो' असं तारखेसह लिहिलेलं असेल तर तो कागद सोन्याचा. नंतर मागची तारीख टाकून केलेला ठराव ऑडिटरला कळतो. टायपिंगचा फॉन्टसुद्धा बघतात.

दुसरा : काम सुरू कधी झालं? इथे कित्येक चांगले प्रकल्प बाद होतात. व्हेराकडे शेती-जंगल सोडून बाकीच्या प्रकल्पांचं व्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीआधी ऑडिटरने आराखडा तपासणं, प्रकल्प सुरू झाल्यापासून दोन वर्षांत पूर्ण व्हावं लागतं. गोल्ड स्टँडर्डकडे सुरुवातीपासून वर्षाच्या आत पहिल्या छाननीला जावं लागतं. 'चार वर्षांपूर्वी बायोगॅस बांधलाय, आता क्रेडिट काढून द्या' असं म्हणून येणाऱ्याला नाही म्हणावं लागतं. तेव्हा क्रम उलटा करा : आधी नोंदणीची तयारी, मग पहिली कुदळ.

आणखी एक, हे थोडक्यात. एकाच युनिट विजेवर अपारंपरिक ऊर्जेचं प्रमाणपत्र आणि कार्बन क्रेडिट दोन्ही घेता येत नाहीत. एकच टन दोन रजिस्ट्रींत विकणं हा तर सरळ गुन्हा समजा.

५. कागदपत्रं गोळा करा

शेतकऱ्यांचा प्रकल्प असेल तर :
- ताजा सातबारा आणि आठ-अ. अलीकडे खरेदी किंवा वारसनोंद झाली असेल तर फेरफारही
- सातबाऱ्यावर नाव असलेल्या प्रत्येकाची सही असलेलं संमतीपत्र
- आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स
- शेताच्या चारही कोपऱ्यांचं जीपीएस आणि तारखेसह फोटो
- आधी तिथे काय होतं याचा पुरावा : पीकपाहणी, जुने उपग्रह फोटो, ग्रामपंचायतीचा दाखला

कारखान्याचा प्रकल्प असेल तर :
- किमान तीन वर्षांची महावितरणची बिलं आणि इंधन खरेदीच्या पावत्या
- उत्पादनाचं रजिस्टर, शक्यतो उत्पादन शुल्काच्या काळापासूनचं जपलेलं
- प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालू संमती
- प्रत्येक मीटर, वजनकाटा आणि फ्लोमीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र
- यंत्राची ऑर्डर, चलन आणि कमिशनिंगचा अहवाल, तारखांसह

कॅलिब्रेशनची ओळ सगळे वाचून पुढे जातात. फ्लोमीटरचं प्रमाणपत्र मार्चमध्ये संपलं आणि नवं जूनमध्ये आलं, तर मधल्या महिन्यांच्या क्रेडिटला ऑडिटर कात्री लावतो. कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली दोन मयत, एक बहीण नाशिकला आणि एक चुलता बोलत नाही, हे पुणे जिल्ह्यात नेहमीचं. त्याला कन्सल्टंटकडे उपाय नाही, तलाठ्याकडेच आहे. गटवाटप आणि वारसनोंदी आधी पूर्ण असलेली गावं निवडली तर सहा महिने वाचतात.

६. शेतकऱ्याशी करार : इथे घाई नको

करार मराठीत हवा, स्टॅम्पवर हवा (महाराष्ट्रात आता किमान ५०० रुपयांचा), आणि एक प्रत शेतकऱ्याच्या घरी राहायला हवी. त्यात या गोष्टी आकड्यांत लिहा : क्रेडिटचा वाटा किती टक्के, तो खर्च वजा करून की करण्याआधी, पैसे कधी, भाव कुणी ठरवायचा, झाड मेलं किंवा तोडलं तर काय, जमीन विकली तर काय.

'खर्च वजा जाता निव्वळ नफ्याच्या ७० टक्के' हे वाक्य दिसलं की सावध व्हा. शेतकरी असाल तर खासच. खर्च कोण मोजणार? त्यापेक्षा ढोबळ विक्रीच्या ४० टक्के परवडतात, कारण विक्रीचा आकडा पावतीवर दिसतो.

मुदतीचं बघा. व्हेराच्या लागवड प्रकल्पांना किमान ४० वर्षांची बांधिलकी लागते, आणि आग, तोड, रोग यांच्यासाठी काही क्रेडिट राखीव खात्यात कापून ठेवतात. आता मुळशी, मावळ, हवेलीत चाळीस वर्षं शेत शेतच राहील, असं कुणी छातीठोकपणे सांगेल का? रिंगरोडच्या बातमीने भाव दुप्पट होतात, एनए होतं, प्लॉटिंगचे दगड लागतात. लागवडीचे प्रकल्प शहरापासून लांब, जिथे जमीन हातोहात विकली जात नाही अशा तालुक्यांत करा. शहराजवळ कचरा, सांडपाणी आणि कारखाने बघा. हा माझा ठाम सल्ला आहे. यावर वाद घालणारे भेटतील.

७. प्रकल्प अहवाल आणि गावसभा

प्रकल्पाचा आराखडा, म्हणजे पीडीडी, ठरावीक नमुन्यात लिहायचा असतो. कुठली कार्यपद्धती, बेसलाइन (प्रकल्प नसता तर झालं असतं ते उत्सर्जन) काय, किती टन, कसे मोजणार. पहिल्यांदा स्वतः लिहू नका, अनुभवी माणसाकडून लिहून घ्या. पण प्रत्येक आकडा कुठून आला ते त्याच्याशेजारी बसून समजून घ्या. रजिस्ट्रींच्या संकेतस्थळांवर आपल्याच राज्यातल्या जुन्या प्रकल्पांचे अहवाल आणि ऑडिटरने काढलेले आक्षेप मोफत वाचायला मिळतात. एखाद्या कोर्सला पैसे देण्यापेक्षा असे पाच-सहा अहवाल वाचा.

प्रकल्पावर गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला घ्यायची गावसभा उरकून टाकू नका. लोकांनी विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं नोंदवहीत लिहा, फोटो काढा, सह्या घ्या. 'आक्षेप : काही नाही' असं लिहिलेली सभा ऑडिटरला खरी वाटत नाही.

पुण्यात विचारायला जागा आहेत. औंधला महाऊर्जाचं कार्यालय आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यासाठी राज्याची नेमलेली संस्था तीच. वारज्याला बाएफ आहे, शेती आणि पशुधनाचं काम त्यांनी पिढ्यान्पिढ्या केलंय. उद्योगांसाठी सेनापती बापट रस्त्यावरचं मराठा चेंबर. त्यांच्याकडून क्रेडिट मिळणार नाही, पण माहितीची माणसं भेटतात.

८. मोजणी : सगळा धंदा इथे उभा आहे

घरगुती बायोगॅसच्या एका प्रकल्पात ऑडिटरबरोबर आंबेगाव तालुक्यात गेलो होतो. घरं आम्ही नाही, त्याने यादीतून स्वतः निवडली. एका घरी तो थेट स्वयंपाकघरात शिरला. ओट्यावर बायोगॅसची शेगडी, शेजारी सिलिंडर, आणि कोपऱ्यात चूल. चुलीतली राख त्याने हाताने उकरून बघितली, आतून कोमट होती.

"मावशी, चूल रोज पेटते का?"

"रोज नाय हो साहेब. आंघोळीचं पाणी चुलीवर. आन् दोन म्हशी विकल्या ना गेल्या साली, शेण पुरत नाय. पावसाळ्यात तर गॅसच धरत नाय नीट."

आमच्या सर्व्हेच्या फॉर्मवर त्या घरापुढे 'बायोगॅस वापर : नियमित' अशी खूण होती. मावशींनी एका दमात तीन गोष्टी सांगितल्या, आणि तिन्ही मोजणीत यायला हव्या होत्या : पाणी तापवण्याचं लाकूड, जनावरांची संख्या, पावसाळ्यातली घट. फॉर्ममध्ये 'नियमित' ऐवजी 'काल काय काय शिजवलं, कशावर' असं विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं असतं. सर्व्हे करणाऱ्या मुलांना घरामागे पैसे न देता दिवसाची मजुरी द्या, म्हणजे ती झाडाखाली बसून फॉर्म भरत नाहीत.

हा काटेकोरपणा आता परवडत नाही असं म्हणायची सोय राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त आलेल्या अभ्यासात, सुधारित चुलींच्या तपासलेल्या प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या नऊ पटींहून जास्त क्रेडिट घेतल्याचं दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेत चुलींच्या आकड्यांत फेरफार केल्याबद्दल फौजदारी खटला उभा राहिला. तेव्हापासून खरेदीदार मूळ फॉर्म, फोटो, मीटरची नोंद सगळं मागतात. ज्याच्याकडे ते आहे त्याला भाव मिळतो.

कारखान्यातली मोजणी वेगळी, पण तत्त्व तेच. बोल्टच्या कारखान्याचा सीबॅमचा तक्ता भरताना मालक आधी विजेचं बिल पुढे करतो. पोलादाच्या मालात विजेचं उत्सर्जन शुल्काच्या हिशोबात धरतच नाहीत. धरतात ते मुख्यतः ज्या वायर रॉडपासून बोल्ट झाला त्यातलं उत्सर्जन. म्हणजे खरा आकडा स्टील मिलकडे आहे. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट तुमच्याकडे असतं, त्यात रसायनं असतात, ताकद असते, कार्बनचं उत्सर्जन नसतं. ते वेगळं मागावं लागतं, खरेदी विभागाच्या मागे लागून. नाही मिळालं तर युरोपने ठरवलेले चढे आकडे लागतात आणि गिऱ्हाईक भावात कापतं. आधी गिऱ्हाइकाला एवढं विचारा, की तो सगळ्यांकडून मिळून वर्षाला असा माल ५० टनांच्या आत आणतो का. तसं असेल तर त्याला सूट आहे आणि तुमचे कष्ट वाचतात.

९. विक्री, पैसे, कर

क्रेडिट रजिस्ट्रीतल्या खात्यात येतात, प्रत्येकाला अनुक्रमांक असतो. खरेदीदाराने ती वापरली की ती 'रिटायर' होतात आणि पुन्हा विकता येत नाहीत. कुणी तुम्हाला क्रेडिट विकत असेल तर रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आगाऊ पैसे देणारे खरेदीदार भेटतात. पैशाची गरज असेल तर घ्या, पण किती टन द्यायचे हे बांधून घेऊ नका. 'जेवढी इश्यू होतील त्यातली अमुक टक्के' असं लिहा. दुष्काळात झाडं गेली तर बाजारातून विकत घेऊन द्यायची वेळ येऊ नये.

करासाठी या विषयातला सीए गाठा. २०१७ च्या वित्त कायद्याने कार्बन क्रेडिटच्या उत्पन्नावर १० टक्के कर ठेवला, पण खर्चाची वजावट न देता. आणि त्यातली व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली मान्य झालेल्या क्रेडिटची आहे. स्वेच्छेच्या बाजारातली तुमची क्रेडिट त्यात बसतात असं गृहीत धरू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, तेव्हा जुन्या लेखांतले कलमांचे क्रमांकही तसेच उचलू नका. परदेशातून पैसे येणार असतील तर आयात-निर्यात कोड आधी काढा, आणि बँकेकडून परकीय रकमेचं प्रमाणपत्र प्रत्येक वेळी घ्या.

शेतकऱ्यांचा वाटा थेट खात्यात टाका, रोख नको. पहिला हप्ता कितीही छोटा असला तरी गावातल्या सगळ्यांना एकाच दिवशी जाईल असं बघा. एकाला मेसेज आला आणि शेजाऱ्याला आला नाही, की पुढच्या मोजणीला गेल्यावर निम्म्या घरांची दारं लागलेली असतात.